पत्त्यातले ‘पुणे’ आणि हद्दीतले पुणे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. हिंजवडीच्या बाजूला आपण सदनिका घेतली. करारनाम्यात आणि बँकेच्या कागदांत पत्ता ‘वाकड-हिंजवडी रस्ता, पुणे ४११०५७’ असा आहे. वाकडला राहणाऱ्या आपल्या मेहुण्यांचा पिनकोडही तोच आहे आणि ते पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेला मिळकतकर भरतात. आपल्या सदनिकेची नोंद मात्र महापालिकेकडे नाही आणि आपल्या हाती ग्रामपंचायतीची करपावती आली. तेव्हा पत्ता चुकीचा आहे का, आपली फसवणूक झाली का, आणि आधार, मतदार यादी, मुलाच्या शाळेचा अर्ज यांत नेमके काय लिहायचे, असे आपण विचारले आहे.

पत्ता चुकीचा नाही. फसवणूक झाली की नाही, हे पत्त्यावरून ठरत नाही. ते करारनाम्यातील एका वेगळ्या वाक्यावरून ठरते आणि त्याकडे मी पुढे येतो. हवेली आणि मुळशी तालुक्यांत मिळकतींच्या मालकी हक्काचा शोध घेण्याचे आणि दस्त तपासण्याचे काम मी चोवीस वर्षे करत आलो आहे. या काळात सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच आहे, म्हणून जरा मुळापासून सांगतो.

आपल्या आजी-आजोबांच्या काळचे पोस्टकार्ड आठवून पाहा. त्यावर ‘मु. अमुक, पो. तमुक, ता. मुळशी, जि. पुणे’ असे लिहिलेले असे. ‘मु.’ म्हणजे मुक्काम, माणूस जिथे राहतो ते गाव. ‘पो.’ म्हणजे टपाल जिथून येते ते पोस्ट. गावात पोस्ट असेल तर ‘मु. पो.’ एकत्र लिहायचे, नसेल तर दोन्ही नावे निरनिराळी लिहायची. तालुका आणि जिल्हा ही महसुली व्यवस्थेची माहिती होती. चार निरनिराळ्या प्रश्नांची चार निरनिराळी उत्तरे त्या दोन ओळींत होती आणि पोस्टाचे गाव म्हणजेच राहण्याचे गाव असा घोळ कोणी करत नसे. शहर वाढले तसे आपण हे चारही तपशील गाळले आणि त्या सर्वांच्या जागी ‘पुणे’ हा एकच शब्द लिहू लागलो. आता त्या शब्दाचा अर्थ जिल्हा की टपालाचे शहर की महानगरपालिका, हे वाचणारा आपल्या सोयीने ठरवतो. आपली अडचण त्या एका शब्दातून आलेली आहे.

पिनकोडविषयी समजून घेण्यासारखी मुख्य गोष्ट अशी की तो टपाल खात्याने टपाल खात्यासाठी केलेला क्रमांक आहे. १५ ऑगस्ट १९७२ पासून तो देशात लागू झाला. त्याची रचना करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपल्या कोकणातील वेळणेश्वरचे, संस्कृतचे कवी आणि टपाल खात्यातील ज्येष्ठ अधिकारी होते. देशात एकाच नावाची अनेक गावे आणि पत्ते लिहायच्या भाषा व लिप्या अनेक, त्यामुळे पत्रे चुकीच्या ठिकाणी जात. त्यावर अंकांचा हा उपाय निघाला. पहिला अंक देशाचा विभाग सांगतो आणि ४ या अंकात महाराष्ट्रासोबत गोवा, मध्य प्रदेश व छत्तीसगडही येतात. पहिले तीन अंक मिळून टपाल वर्गीकरणाचा जिल्हा होतो आणि शेवटचे तीन अंक पत्र पोहोचवणारे टपाल कार्यालय दाखवतात. या सहा अंकांत महानगरपालिका कुठेही नाही, ग्रामपंचायत नाही, तालुकाही नाही. अमुक गल्लीत अमुक कार्यालयाचा पोस्टमन जातो, एवढेच त्यातून कळते. रस्ता, पूल, पोस्टमनची फेरी आणि टपालाचे प्रमाण पाहून ही वाटणी ठरते, आणि ती तशीच ठरायला हवी.

महापालिकेची हद्द ठरवणारे हात वेगळे आहेत. टपाल हा केंद्र सरकारचा विषय आहे, तर महापालिकेची हद्द राज्य सरकार महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ३ खाली राजपत्रात अधिसूचना काढून ठरवते किंवा बदलते. त्या अधिसूचनेत महसुली गावांची नावे असतात, गाव अर्धेच घ्यायचे असेल तर सर्व्हे क्रमांक असतात. पिनकोडचा त्यात उल्लेख नसतो. म्हणजे हद्दीचे मोजमाप गावच्या शिवेने होते आणि टपालाचे मोजमाप पोस्टमनच्या फेरीने होते. शीव कधी ओढ्याने जाते, कधी जुन्या गाडीवाटेने. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या भूमापनात आखलेली ती रेघ आज एखाद्या गृहसंकुलाच्या दोन इमारतींमधूनही जाऊ शकते. ‘शिवेवरची जमीन’ हा शब्द आमच्या कामात जपून उच्चारला जातो, कारण तिथे मोजणीचा नकाशा मागवल्याशिवाय काहीही ठामपणे सांगता येत नाही.

‘४११ म्हणजे शहर आणि ४१२ म्हणजे ग्रामीण’ असा एक समज पुण्यात घट्ट बसला आहे आणि त्यावरून लोक जागेची किंमतसुद्धा ठरवतात. तो समज दोन्ही बाजूंनी चुकीचा ठरतो. मोशीचा पिनकोड ४१२१०५ आहे आणि आळंदीचाही तोच. पण मोशी १९९७ पासून पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आहे आणि आळंदीला स्वतःची नगरपरिषद आहे. रावेतला ४१२१०१ लिहितात, देहूरोडलाही ४१२१०१ लिहितात. रावेत महापालिकेत आहे आणि देहूरोडला कटक मंडळ, म्हणजे कॅन्टोन्मेंट बोर्ड आहे. वाघोलीचा ४१२२०७ हा क्रमांक ऐकून आजही काही जण ‘म्हणजे गावातच ना’ असे म्हणतात, परंतु वाघोली ३० जून २०२१ च्या अधिसूचनेने पुणे महानगरपालिकेत आलेल्या २३ गावांपैकी एक आहे. उलट बाजूने पाहिले तर आपल्या हिंजवडीचा क्रमांक ‘शहरी’ ४११ ने सुरू होतो आणि तिथे आजही ग्रामपंचायत आहे.

सिंहगड रस्त्याच्या बाजूचे ४११०४१ हे उदाहरण मला विशेष बोलके वाटते. वडगाव बुद्रुक, धायरी आणि नऱ्हे ही तिन्ही ठिकाणे या एकाच पिनकोडात आहेत. वडगाव १९९७ च्या हद्दवाढीत पुणे महापालिकेत आले, धायरी ऑक्टोबर २०१७ मध्ये आलेल्या ११ गावांपैकी एक आणि नऱ्हे २०२१ मध्ये. म्हणजे चोवीस वर्षांच्या काळात एकाच टपाल क्रमांकाच्या आत महापालिकेची सीमा तीन वेळा सरकली आणि पत्रांवरचा क्रमांक तसाच राहिला. लोहगाव तर एकाच नावाचे गाव असून त्याचा काही भाग आधी महापालिकेत होता आणि उरलेला भाग २०१७ मध्ये आला. अधिसूचनेच्या यादीत तो ‘उर्वरित’ या शब्दाने नोंदलेला आहे. त्या मधल्या काळात लोहगावच्या एखाद्या माणसाने ‘मी लोहगावला राहतो’ असे सांगितले, तर तो कोणाला कर देतो हे त्यावरून कळत नसे.

फुरसुंगी आणि उरुळी देवाची यांची गोष्ट आणखी पुढची आहे. २०१७ मध्ये ही गावे पुणे महापालिकेत आली, डिसेंबर २०२२ मध्ये त्यांना वगळण्याचा निर्णय झाला आणि २०२४ मध्ये त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. फुरसुंगीतील एखादे कुटुंब घर न बदलता ग्रामपंचायत, महानगरपालिका आणि नगरपरिषद अशा तीन स्थानिक संस्थांच्या कारभाराखाली राहिले. त्याचा ४१२३०८ हा पिनकोड या सगळ्यात एका अंकानेही हलला नाही. तिथे जुन्या करपावत्या जपून ठेवा असे मी प्रत्येकाला सांगतो, कारण पुढे विक्रीच्या वेळी तिन्ही संस्थांची थकबाकी नसल्याचे दाखले मागितले जाऊ शकतात.

हा घोळ फक्त उपनगरांतच आहे असेही नाही. ४११००१ हा पुण्यातील सर्वांत ओळखीचा क्रमांक आहे; परंतु महात्मा गांधी रस्त्यावरचे घर पुणे कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या हद्दीत आहे आणि कोरेगाव पार्कमधले घर महापालिकेच्या हद्दीत आहे, आणि दोघेही पत्त्यात ४११००१ लिहितात. तिथे हे कोणाला खटकत नाही, कारण पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीने लष्कर भाग वेगळा हे पुणेकरांना पाठ आहे. उपनगरांना ती सवय व्हायला वेळच मिळालेला नाही.

आता आपल्या गावाकडे येतो. हिंजवडी हे मुळशी तालुक्यातील महसुली गाव आहे. तिथे कर ग्रामपंचायत घेते. बांधकामाची परवानगी मात्र ग्रामपंचायत देत नाही. ती ३१ मार्च २०१५ रोजी स्थापन झालेले पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण देते, आणि माहिती-तंत्रज्ञान उद्यानाच्या आतील भूखंडांसाठी औद्योगिक विकास महामंडळ देते. पोलीस ठाणे १५ ऑगस्ट २०१८ रोजी सुरू झालेल्या पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाखाली आहे, त्यामुळे ठाण्याच्या पाटीवर ‘पिंपरी-चिंचवड’ वाचून आपण त्या महापालिकेत आहोत असे अनेकांना वाटते. विधानसभेसाठी हिंजवडी भोर मतदारसंघात मोडते आणि शेजारचे वाकड चिंचवडमध्ये. टपाल, कर, बांधकाम, पोलीस आणि मतदान या प्रत्येकाची रेघ वेगळ्या वेळी, वेगळ्या कायद्याने आणि वेगळ्या कारणासाठी ओढलेली आहे. त्या एकमेकींवर बसतील अशी अपेक्षा ठेवण्याला आधार नाही, आणि पत्त्याच्या एका ओळीने त्या सगळ्या सांगाव्यात ही अपेक्षा तर त्याहून अवघड आहे.

यात विक्रीच्या जाहिरातींनी भर घातली आहे, हे मला स्पष्टपणे लिहिले पाहिजे. वाघोलीला ‘अपर खराडी’, म्हाळुंगे-सूसला ‘बाणेर अ‍ॅनेक्स’, अशी नावे माहितीपत्रकांत येतात, ती नकाशांवर चढतात आणि काही वर्षांत लोक ती आधारकार्डावरही लिहू लागतात. ही नावे ना टपाल खात्याची आहेत, ना महसूल खात्याची. सात-बारावर ती कधीच सापडणार नाहीत. गावाला त्याचे नाव असताना शेजारच्या महाग गावाचे नाव लावायचे, हे मला मनापासून नापसंत आहे. त्याने ग्राहकाची दिशाभूल होते आणि गावाचीही ओळख पुसली जाते.

आता फसवणुकीचा प्रश्न. करारनामा काढा आणि मिळकतीच्या वर्णनाचे परिशिष्ट वाचा. त्यात ‘मौजे हिंजवडी, तालुका मुळशी, जिल्हा पुणे’ असे असेल, सर्व्हे किंवा गट क्रमांक असेल आणि स्थानिक संस्था म्हणून ग्रामपंचायत व जिल्हा परिषद लिहिलेली असेल, तर आपला दस्त बरोबर आहे. वर पत्त्यात ‘वाकड-हिंजवडी रस्ता’ असले तरी काही बिघडत नाही. परंतु तिथे ‘पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीतील’ असे वाक्य असेल, तर ती खरी चूक आहे आणि ती आजच दुरुस्त करावी. सोबत सूची क्रमांक २ (इंडेक्स टू), म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा, पाहा. त्यात वरच्या बाजूला गावाचे नाव असते आणि भूमापन, पोटहिस्सा व घरक्रमांकाच्या रकान्यात ‘पालिकेचे नाव’ असे लिहिलेले असते. मुद्रांक शुल्क भरताना हाच तपशील धरला जातो. पुण्यातील महापालिका हद्दीत अधिभारांसह एकूण दर ७ टक्के आहे, महिला खरेदीदारास त्यात एक टक्क्याची सवलत आहे. ग्रामीण भागाचा दर व अधिभार वेगळे आहेत. बाजारमूल्यही वार्षिक मूल्यदर तक्त्यातील (रेडी रेकनर) गाव आणि मूल्यविभाग पाहून काढतात, पिनकोड पाहून नाही. म्हणजे हद्द चुकीची लिहिली गेली असेल तर शुल्काचा हिशेबही चुकलेला असू शकतो.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक निवृत्त जोडपे आले होते. त्यांची सदनिका अशाच शिवेजवळच्या गावात होती, करारनाम्यात महापालिकेची हद्द लिहिली होती आणि मंजूर नकाशावर जिल्हाधिकाऱ्यांचा शिक्का होता. तेरा वर्षे कोणाच्या लक्षात आले नाही. सदनिका विकायला काढली तेव्हा खरेदीदाराच्या बँकेच्या वकिलाने ही विसंगती दाखवून कर्ज थांबवले. चूक दुरुस्ती दस्तासाठी मूळ दस्तातील दोन्ही पक्षांच्या सह्या लागतात. बांधकाम करणारी भागीदारी तोवर मोडलेली होती आणि एक भागीदार परदेशी होता. सह्या मिळेपर्यंत आठ महिने गेले आणि तो खरेदीदारही हातचा गेला. त्या काकूंना मुलीच्या उपचारासाठी पैसे हवे होते. त्या दिवसापासून मी नवीन खरेदीदाराला ताबा घेण्याआधी, म्हणजे बांधकाम करणारा समोर आहे आणि सही करायला तयार आहे तोवर, हे एक वाक्य तपासून घ्यायला सांगतो.

मंजूर नकाशाविषयी एक सावधगिरी सांगतो. नकाशावर किंवा भोगवटा प्रमाणपत्रावर ज्या संस्थेचा शिक्का असतो, ती परवानगीच्या दिवशीची संस्था असते. आजची असेलच असे नाही. २०२१ मध्ये आलेल्या २३ गावांत प्राधिकरणाने किंवा त्याआधी जिल्हाधिकाऱ्यांनी मंजूर केलेल्या अनेक इमारती आहेत आणि त्यांचा कर आज महापालिका घेते. यात काही गैर नाही आणि जुनी मंजुरी हद्दवाढीने रद्दही होत नाही. आजची हद्द पाहायची असेल तर अधिसूचनेतील गावांची यादी आणि चालू वर्षाचे करबिल पाहावे. ग्रामपंचायतीत त्यासाठी नमुना ८ चा, म्हणजे कर आकारणी नोंदवहीचा, उतारा मागावा. आपल्याकडे नुसती पावती असेल तर उताराही घेऊन ठेवा.

अर्जांबाबत आपण विचारले आहे. आधारच्या नोंदीत गाव किंवा शहर, टपाल कार्यालय, उपजिल्हा म्हणजे तालुका, जिल्हा आणि पिनकोड असे रकाने वेगवेगळे आहेत, जुन्या ‘मु. पो. ता. जि.’चीच ही रचना आहे असे म्हटले तरी चालेल. पिनकोड भरल्यावर संगणक काही रकाने स्वतः भरतो आणि आपण ते तसेच सोडून देतो, तिथे चूक होते. गावाच्या रकान्यात हिंजवडी, तालुक्यात मुळशी आणि जिल्ह्यात पुणे हे निवडा. टपाल कार्यालय जे आहे ते असू द्या. मतदार यादीसाठी स्थलांतराचा नमुना ८ भरावा लागतो. त्याचा ग्रामपंचायतीच्या नमुना ८ शी काही संबंध नाही, फक्त क्रमांक सारखा आहे. लोक यातही गोंधळतात. ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुकीच्या याद्या विधानसभेच्या यादीवरूनच तयार होतात, म्हणून आपले नाव चुकून वाकडच्या यादी भागात गेले तर आपण ज्या संस्थेला कर देत नाही तिच्यासाठी मत द्याल आणि जिला देता तिच्यासाठी देऊ शकणार नाही. हे मला करापेक्षाही महत्त्वाचे वाटते. शाळेच्या अर्जात घराचा दाखला म्हणून सूची क्रमांक २ किंवा वीजबिल द्या आणि पत्ता आधारप्रमाणेच लिहा. जन्मदाखल्याचा मुद्दा आपण काढलेला नाही, तरी सांगतो: जन्म जिथे झाला त्या ठिकाणच्या निबंधकाकडे नोंद होते, आईवडील जिथे राहतात तिथे नाही.

नोटीस किंवा कोर्टाचे समन्स यांच्या बाबतीत मात्र पिनकोडचेच महत्त्व आहे. सर्वसाधारण खंड अधिनियम, १८९७ च्या कलम २७ नुसार योग्य पत्ता लिहून, टपालखर्च भरून नोंदणीकृत टपालाने पाठवलेली नोटीस, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, पोहोचली असे धरले जाते. तेव्हा पत्र येते तोच पत्ता सगळीकडे द्या. ‘आपण महापालिकेत नाही’ म्हणून पिनकोड बदलून लिहिण्याचा प्रयोग करू नका. असा प्रयोग केलेले दोन गृहस्थ मला माहीत आहेत आणि दोघांचीही बँकेची पत्रे महिनोन्‌महिने भलत्याच गावी जात होती. टपाल खात्याने मे २०२५ मध्ये डिजिपिन नावाचा दहा अक्षरी सांकेतिक क्रमांक सुरू केला आहे, ज्यात देशाच्या नकाशावर सुमारे चार मीटर बाय चार मीटरचे चौकोन पाडलेले आहेत. घर नेमके कुठे आहे ते तो सांगेल. ते कोणाच्या हद्दीत आहे हे सांगणे त्याचेही काम नाही.

आपण कागदोपत्री पूर्ण पत्ता लिहाल तेव्हा असा लिहा: सदनिका व इमारत क्रमांक, संस्थेचे नाव, सर्व्हे क्रमांक, मौजे हिंजवडी, तालुका मुळशी, जिल्हा पुणे, ४११०५७. ‘पुणे’च्या आधी ‘जिल्हा’ हा शब्द लिहिण्याचा कंटाळा करू नका. हिंजवडीसह आसपासची गावे पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत घेण्याचा प्रस्ताव अनेक वर्षे चर्चेत आहे. तो कधी मंजूर झालाच, तर त्या अधिसूचनेच्या तारखेपासून आपल्या करबिलावरचे संस्थेचे नाव बदलेल, मतदानाचा प्रभाग येईल आणि पुढच्या विक्रीच्या दस्तात पालिकेचे नाव नवे लिहावे लागेल. वर लिहिलेल्या पत्त्यात मात्र तेव्हाही काही बदलावे लागणार नाही.